पांढरे उंदीर, टायरोसिनची पावडर आणि माझी भाची

गेल्या रविवारी पंचवटीत ताईकडे गेले, तर ओट्यावर मिठाच्या बरणीशेजारी एक नवा डबा दिसला. आत पांढरी पावडर, मापाचा प्लॅस्टिकचा चमचा, झाकणावर ३,२०० रुपयांची चिठ्ठी. मी हातात घेऊन बघतेय हे पाहून ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, उंदरांवर सिद्ध झालंय म्हणे. तूच बघ, तू शिकवतेस ना हे सगळं." आणि त्यांनी फोन पुढे केला.

तो मेसेज मला नवा नव्हता. सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर, नाशिकरोडच्या नातलगांच्या ग्रुपवर, सगळीकडे तो येऊन गेला होता. म्हणणं थोडक्यात असं: अल्बिनिझम, म्हणजे जन्मापासून केस, कातडी आणि डोळ्यांत रंग नसणं किंवा फार कमी असणं, हा कोडाचाच प्रकार आहे. आईने गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही किंवा पांढरं फार खाल्लं की तो होतो. परदेशी शास्त्रज्ञांनी पांढऱ्या उंदरांना टायरोसिन नावाचं द्रव्य वाढवून देऊन काळं केलंय, तेव्हा नव्वद दिवस ही पावडर घ्या, रंग येईल आणि रंग आला की नजरही येईल. तोवर मुलाला उन्हात आणि शाळेत पाठवू नका.

माझ्या सात वर्षांच्या भाचीला अल्बिनिझम आहे. केस दुधासारखे पांढरे, पापण्याही पांढऱ्या, डोळे राखाडी-निळे आणि सतत थोडे हलणारे. गल्लीतली पोरं तिला भुरी म्हणतात. मी नाशिकमधल्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि हा मेसेज वाचून मला रडू आलं, कारण त्यात एक खरा प्रयोग दडलाय आणि त्याच्याच आडून ही लूट चाललीय. सासूबाईंवर माझा राग नाही. नातीवर जीव आहे म्हणूनच त्यांनी पैसे काढून दिले.

आधी कोडाचं. कोडात रंग बनवणाऱ्या पेशी, म्हणजे मेलॅनोसाइट, सुरुवातीला असतात; पुढे शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावरच उलटते, त्या मरतात आणि डाग पडतात. अल्बिनिझममध्ये या पेशी जन्मापासून जागच्या जागी असतात, फक्त त्यांना रंग करता येत नाही. पेशी नसणं आणि पेशी असून रंग नसणं या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, ते उंदराच्या डोळ्यांत दिसतं. 'किट' नावाच्या जनुकात मोठा बिघाड असलेल्या उंदरांत रंगपेशी गर्भात कातडीपर्यंत पोचतच नाहीत. अंग पांढरंशुभ्र होतं, पण डोळे काळे राहतात, कारण डोळ्याच्या पडद्यामागचा रंगीत थर वेगळ्या पेशींतून तयार होतो. अल्बिनो उंदराच्या मात्र त्या थरातही रंग नसतो, म्हणून आतलं रक्त दिसतं आणि डोळे लाल वाटतात. आणि कोड असो वा अल्बिनिझम, शिवल्याने काहीच लागत नाही.

आता आईवरचा आरोप. हे वाक्य लिहिणाऱ्याला कल्पना नसेल, पण माझ्या बहिणीने सात वर्षं त्याचा हिशोब केलाय. सातव्या महिन्यात दहीभात किती खाल्ला, नारळपाणी किती प्यायली, ग्रहणात सुरी हातात घेतली होती का, हे ती मला रात्री फोन करून विचारायची. याचं उत्तर १९०२ सालीच मिळालेलं आहे. फ्रान्समध्ये ल्युसियाँ क्युएनो या जीवशास्त्रज्ञाने राखाडी आणि पांढऱ्या उंदरांची जोडी लावली. पहिल्या पिढीत सगळी पिल्लं राखाडी झाली. त्या पिल्लांची आपसात जोडी लावल्यावर साधारण तीन राखाडी आणि एक पांढरं, असं प्रमाण मिळालं. मेंडेलने वाटाण्यात शोधलेला आनुवंशिकतेचा नियम प्राण्यांनाही लागू आहे, हे दाखवणाऱ्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी हा एक. आता त्या एका वेताकडे नीट बघा. आई तीच, गर्भाशय तेच, तिने खाल्लेलं तेच, दिवसही तेच. तरी शेजारी-शेजारी वाढलेल्या पिल्लांत एक पांढरं निघतं. आईच्या खाण्याने रंग जात असता तर अख्खं वेत पांढरं झालं असतं.

माणसातही बहुतेक प्रकारांत हेच घडतं. आई आणि वडील दोघांकडे त्या जनुकाची एक चांगली आणि एक बिघडलेली प्रत असते, दोघेही दिसायला इतरांसारखे. मुलाला दोघांकडून बिघडलेलीच प्रत आली तरच अल्बिनिझम होतो आणि प्रत्येक बाळंतपणात त्याची शक्यता चारात एक असते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करतात, तशा नात्यात एकाच आजोबांकडून आलेली प्रत दोन्हीकडे असण्याची शक्यता वाढते. पण ताई आणि भाऊजी नात्यातले नाहीत, तरीही झालं. यात बापाचा वाटा आईइतकाच आहे आणि दोष दोघांचाही नाही.

याच मेसेजची दुसरी आवृत्तीही फिरते: अशा मुलीला पुढे मुलंही तशीच होतील. तेही चूक. नवऱ्याकडे त्याच जनुकाची बिघडलेली प्रत नसेल, तर तिच्या सगळ्या मुलांना रंग असेल. इतकंच काय, अल्बिनो उंदीर आणि फिकट रंगाचा, गुलाबी डोळ्यांचा उंदीर यांची जोडी लावली तर पिल्लं चक्क रंगीत होतात, कारण बिघाड दोन वेगळ्या जनुकांत असतो आणि एकाची उणीव दुसरा भरून काढतो. ही दोन जनुकं उंदराच्या एकाच गुणसूत्रावर आहेत, हे जे. बी. एस. हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१५ मध्ये दाखवलं. हेच हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले आणि इथले नागरिक झाले. माणसात ती जनुकं अकराव्या आणि पंधराव्या गुणसूत्रावर आहेत आणि अल्बिनिझमच्या दोन मुख्य प्रकारांची मुळं तीच.

आता पावडर. टायरोसिन आणि टायरोसिनेज ही नावं कानाला सारखी वाटतात आणि सगळी फसवणूक तिथेच आहे. टायरोसिन हा कच्चा माल. डाळीत, दुधात, शेंगदाण्यात तो असतो आणि शरीर स्वतःही तो बनवतं. टायरोसिनेज हे त्या मालापासून मेलॅनिन, म्हणजे केस-कातडीचा रंग, बनवायला सुरुवात करणारं एन्झाइम, म्हणजे ते काम करणारं प्रथिन. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या पांढऱ्या उंदरांत या एन्झाइमच्या अमिनो आम्लांच्या साखळीत १०३ व्या जागी सिस्टीन या अमिनो आम्लाऐवजी सेरीन बसलंय. एका जागची ही अदलाबदल, पण तेवढ्याने एन्झाइम निकामी होतं. माझ्या भाचीच्या रक्ताचा रिपोर्ट आमच्याकडे आहे. तिचा बिघाड याच जनुकात आहे आणि दोन्ही प्रती काम न करणाऱ्या आहेत. म्हणजे जातंच मोडलंय आणि आपण वरून दाणे ओततोय. ते पांढरे उंदीर शंभरहून जास्त वर्षं टायरोसिन असलेलं खाद्य रोज खात आलेत आणि पिढ्यान्‌पिढ्या पांढरेच राहिलेत. थॉमसन या हिरव्या द्राक्षाच्या वेलीला कितीही खत घातलं तरी शरद जातीसारखे काळे घड लागत नाहीत, हे निफाडचा कुठलाही द्राक्ष बागायतदार सांगेल. द्राक्षाचा रंग वेगळ्या द्रव्याचा, पण तिथेही रंग सुरू करणारं जनुकच बंद पडलेलं असतं.

मग उंदरांना रंग आला हे खोटं का? नाही, आला होता. १९९० मध्ये अल्बिनो उंदराच्या फलित अंड्यात चांगलं टायरोसिनेज जनुक सोडलं आणि जन्मलेल्या पिल्लांना रंग आला. ते अंड्यात केलेलं काम होतं, सात वर्षांच्या मुलीला चमच्याने पाजलेलं नव्हे. मेसेजमधला प्रयोग बहुधा २०११ चा असावा. त्यात निटिसिनोन नावाचं औषध वापरलं होतं. ते शरीरात टायरोसिनचं विघटन अडवतं, त्यामुळे रक्तातलं टायरोसिन अनेक पटींनी वाढतं. ज्या उंदरांत एन्झाइम अर्धवट का होईना काम करत होतं, त्यांच्या अंगाचा आणि डोळ्यांचा रंग गडद झाला. ज्यांच्यात ते मुळीच काम करत नव्हतं, त्यांना काडीचा फरक पडला नाही. हे दुसरं वाक्य मेसेजमध्ये नाही आणि माझी भाची नेमकी त्या दुसऱ्या वाक्यात आहे.

हेच औषध पुढे अर्धवट एन्झाइम असलेल्या पाच प्रौढांना वर्षभर देऊन पाहिलं. तो निकाल २०१९ मध्ये आला: केस आणि कातडी किंचित गडद झाली, नजर सुधारली नाही. शिवाय रक्तातलं टायरोसिन फार चढलं तर डोळ्याच्या बुबुळावर त्याचे खडे साचू शकतात. ज्या मुलांचे डोळे आधीच नाजूक, त्यांच्या बाबतीत डॉक्टरांशिवाय असले खेळ कुणी करू नयेत, हे मी हात जोडून सांगते.

"रंग आला की नजर येते" यावर मला जास्त बोलायचंय, कारण आईबापांची खरी आशा तिथे गुंतलेली असते. नजर कमी असण्याचं कारण बाहेरच्या रंगात नाही, डोळ्याच्या घडणीत आहे. पोटात डोळा तयार होताना त्या रंगीत थराचं काम नीट झालं नाही, तर पडद्याच्या मधोमधचा बारीक खळगा, फोव्हिया, पूर्ण घडत नाही. बारीक अक्षर वाचायला लागतो तो हाच भाग. शिवाय डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंपैकी गरजेपेक्षा जास्त तंतू विरुद्ध बाजूला जातात. जन्मानंतर रंग चढवून ही वायरिंग बदलत नाही. २००६ मध्ये अल्बिनो उंदरांच्या डोळ्यांत दुसऱ्या मार्गाने एल-डोपा (टायरोसिनपासून मेलॅनिन बनताना मधे तयार होणारं द्रव्य) तयार होईल अशी सोय केली, तेव्हा अंगाला रंग न येताही त्यांच्या डोळ्यांतले दोष सुधारले. फार सुंदर काम आहे ते. मी वर्गात दरवर्षी सांगते. पण माणसांना एल-डोपा देऊन पाहिलं तेव्हा नजर वाढली नाही. आणि उंदराच्या डोळ्यात फोव्हिया मुळातच नसतो. त्यामुळे उंदीर आपल्याला जनुक आणि एन्झाइम याबद्दल पुष्कळ सांगतो, फोव्हियाबद्दल काही सांगू शकत नाही.

उन्हाचं म्हणणं अर्धं खरं आहे. मेलॅनिन नसलेली कातडी लवकर भाजते आणि पुढे कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद काठाची टोपी, गॉगल, किमान ३० एसपीएफचं सनस्क्रीन आणि ठरावीक काळाने त्वचारोगतज्ज्ञांकडून तपासणी. नाशिकच्या एप्रिलमध्ये दुपारी भाचीला मैदानावर उभं करायचं नाही, एवढं शाळेला लिहून दिलंय. पण शाळा सोडायची कशासाठी? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टीचा समावेश आहे, त्यामुळे निकषात बसणाऱ्या मुलांना प्रमाणपत्र आणि परीक्षेत जादा वेळ मिळू शकतो. ती पहिल्या बाकावर बसते, खिडकीकडे पाठ करून, म्हणजे उजेड डोळ्यांवर येत नाही. चष्मा आहे, हातातलं भिंग आहे, धड्याचे फोटो टॅबवर मोठे करून ती वाचते.

त्या रविवारी मी हे सगळं सासूबाईंना सांगत होते, तेव्हा भाची येऊन डबा घेऊन गेली. खिडकीकडे पाठ करून बसली, डबा नाकाला टेकेल इतका जवळ धरला आणि लेबलवरची इंग्रजी अक्षरं एकेक करून जुळवली. "टाय-रो-सिन," ती म्हणाली. "मावशी, हे काय असतं?" मी म्हटलं, आजीच्या वरणात असतं तेच. सासूबाईंनी डबा तिच्याकडून घेतला आणि आत नेऊन ठेवला.