‘स्थलांतरित कसले?’ या प्रतिक्रियेला उत्तर

‘एक सोलापूरकर’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांस,

माझ्या शाळेच्या पहिल्या वर्षांविषयीच्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. तुमचे आक्षेप, मला समजले त्याप्रमाणे, तीन आहेत. तेलुगू भाषक सोलापुरात शंभराहून अधिक वर्षे राहत असताना मी स्वतःला स्थलांतरिताचा मुलगा म्हणवून घेतो ते केवळ सहानुभूतीसाठी, हा पहिला. तेलुगू माध्यमाच्या शाळा असताना मराठी शाळेत जायचे आणि मुले हसली म्हणून गाऱ्हाणे करायचे, हा दुसरा. ज्या शाळेने मला घडवले तिने माझी तेलुगू हिरावून घेतली असे लिहिणे हा कृतघ्नपणा आहे, हा तिसरा. पहिले दोन मला मान्य नाहीत. तिसऱ्यात तथ्य आहे.

सोलापुरातली जुनी मिल ही कापड गिरणी १८७७ साली सुरू झाली, आणि निजामाच्या मुलखातून पद्मशाली या तेलुगू भाषक समाजाचे विणकर येऊन शहराचा पूर्व भाग वसत गेला, हे खरेच आहे. पण समाज शंभर वर्षांपूर्वी आला म्हणून त्यातले प्रत्येक कुटुंब तेव्हाच आले असे होत नाही. आम्ही १९७४ साली करीमनगर जिल्ह्यातून आलो, तेव्हा मी सात वर्षांचा होतो. मामा आधीपासून एका कारखान्यात टॉवेलच्या मागावर होते, त्यांच्या शब्दावर वडिलांना तिथेच काम मिळाले. गल्लीत तेलुगू बोलणारे पुष्कळ होते, त्यामुळे भाकरीची चिंता लवकर मिटली. मात्र गल्लीच्या टोकाला रेशनच्या दुकानावरची पाटी मराठीत होती आणि घरात ती वाचणारे कोणी नव्हते. वडिलांना तेलुगू वाचता येई. रांगेत ते मागच्या माणसाला विचारत, ‘काय लिहिलंय?’, आणि तो सांगेल ते खरे मानून परत येत.

तुमच्या दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर त्या पाटीत आहे. मला मराठी शाळेत घालण्याचा निर्णय वडिलांनी घेतला तो मराठीच्या प्रेमापोटी नव्हे, तेलुगूच्या रागापोटी तर नव्हेच. घरात एक तरी वाचणारा माणूस हवा, एवढाच त्यांचा हिशेब होता. आई बिड्या वळत असे. बिडी कारखान्याच्या शाखेत बिड्या दिल्या की किती घेतल्या आणि किती ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या, ते तिच्या पुस्तकात लिहून मिळे. मी चौथीत असताना एका संध्याकाळी ते पुस्तक उघडून आकडा मोठ्याने वाचला. आईला तोंडी चाळीस छाट सांगितली होती, पुस्तकात साठ होती. ती काही बोलली नाही, हातातले पान कापत राहिली. दुसऱ्या दिवशी शाळेला जाण्याआधी तिने मला सोबत नेले आणि खिडकीशी उभे करून म्हणाली, ‘वाच.’ त्या दिवसापासून मी तिच्याबरोबर जात राहिलो. शाळेने मला सामावून घेतले म्हणजे काय झाले, असे कोणी विचारले तर मला ती खिडकी आठवते.

हसण्याविषयी. मी ते गाऱ्हाणे म्हणून लिहिले नव्हते, पण तसे वाचले गेले असेल तर लिहिण्यात कसर राहिली. तेलुगू लिपीत ख, घ, ध, भ ही अक्षरे आहेत, पण आमच्या घरच्या बोलण्यात ती क, ग, द, ब होऊन जात. ‘माझ्या वडिलांचे काम’ या निबंधात मी लिहिले, ‘नाना दोटा बदलतात.’ धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारे साधन! वर्गात त्याविषयी माझ्याइतके क्वचितच कोणाला ठाऊक असेल, आणि नेमका तोच शब्द लाल शाईत वर्तुळात अडकला. तेलुगूत ‘अम्म वच्चिंदि’ आणि ‘बस्सु वच्चिंदि’, दोन्हीला क्रियापद एकच. त्यामुळे मी ‘आई आलं’ म्हणे आणि वर्ग हसे. बाईंनी मात्र वहीच्या कागदाची एक पट्टी फाडून माझ्या ओठांसमोर धरली. ‘क’ म्हटले की पट्टी स्थिर राही, ‘ख’ म्हटले की ती हलली पाहिजे. मधल्या सुट्टीत असे कितीतरी दिवस चालले. याच बाईंनी वडिलांना बोलावून ‘घरी मराठीच बोला’ असे बजावले होते, तेही तितकेच खरे आहे, आणि यातले एक लिहून दुसरे गाळायला मी तयार नाही.

सगळेच अवघड होते असेही नाही. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतला च वेगळा आहे हे मला कोणी शिकवावे लागले नाही, कारण ते दोन्ही उच्चार तेलुगूत आहेत. शेजारच्या बाकावरचा हिंदी भाषक मुलगा त्यात वर्षभर अडकला होता. तसेच ‘आम्ही’ आणि ‘आपण’. तेलुगूत समोरच्याला वगळून ‘मेमु’ आणि त्याला धरून ‘मनं’ म्हणतात, म्हणून हा भेद मी घरूनच घेऊन आलो होतो. तुम्ही लिहिले आहे, ‘आम्ही तुम्हा लोकांना सामावून घेतले.’ वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे.

आता तिसरा आक्षेप. वडील संध्याकाळी कामावरून आले की पाटीवर तेलुगू अक्षरे काढून देत आणि मला गिरवायला लावत. नऊ वर्षांचा असताना दाराशी मित्र उभे होते, म्हणून मी ती पाटी बाजूला सारली आणि पुन्हा हातात घेतली नाही. आज मी तेलुगू बोलतो, वाचता येत नाही. बाईंच्या सांगण्याने आमच्या घरातली भाषा एक दिवसही बदलली नव्हती. वडिलांनी त्यांच्यासमोर मान डोलावली आणि घरी येऊन तेलुगूतच त्यांची नक्कल करून दाखवली. तेव्हा ‘शाळेने हिरावून घेतली’ हे लिहिणे अन्यायाचे होते. ते वाक्य मी लेखातून काढले आहे.

मात्र ‘शाळेने घडवले’ या तुमच्या वाक्याला माझी एक पुस्ती आहे. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी असलेली अक्का गावी तिसरी पास झाली होती. इथे मराठी शाळेत तिला माझ्याबरोबर पहिलीत बसावे लागले असते, आणि आईला दुसरे हात हवे होते. १९६६च्या कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना बिडी कारखान्यात कामाला ठेवण्यास मनाई केली होती, पण आमचा कारखाना म्हणजे आमची ओसरी होती. रात्री ओल्या गोणपाटात पाने गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्र्याच्या मापाने कापायची, आणि मी कविता पाठ करत असताना तिने वळायचे. माझ्या वह्या त्यातून आल्या. त्या कविता तिला आजही तोंडपाठ आहेत. वाचता मात्र येत नाहीत.

तुमची प्रतिक्रिया आणि माझा मूळ लेख मी काल तिला वाचून दाखवला. तुमच्या आक्षेपांविषयी ती काही बोलली नाही. मी कट्टा, म्हणजे बिड्यांची जुडी, वीस बिड्यांचा लिहिला होता, त्यावर मात्र तिने मला तिथेच थांबवले. कट्टा पंचवीसचा असतो आणि चाळीस कट्ट्यांचे हजार होतात. ती चूकही दुरुस्त केली आहे.