मतलई वाऱ्यावर काईट शिकवणारे महाभाग

परवा रात्री भाच्याने फॅमिली ग्रुपवर एक रील टाकलं, "काईटसर्फिंग फक्त 25 हजारात, क्लास नको, 5 टिप्स", आणि खाली लिहिलं, मावशी बघ, आपल्या रेवदंड्यालाच जमेल हे. (काईटसर्फिंग म्हणजे कमरेला जोडलेल्या मोठ्या पतंगाच्या, म्हणजे काईटच्या, ओढीवर पायाखाली फळी घेऊन पाण्यावरून घसरत जायचं.) ग्रुपवर अंगठेच अंगठे. हेच रील मला आधी दोघांनी पाठवलं होतं, तेव्हा गप्प बसले. पण आता घरातलंच पोर निघालंय म्हटल्यावर लिहितेच.

टिप नंबर चार आधी घेते, कारण बाकीच्या चुकल्या तर पैसे जातील, नाहीतर बहुतेक वेळा हाडं मोडतील, ही चुकली तर माणूस परत येणार नाही. म्हणे "वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल तेव्हा जा, सकाळी लवकर, पाणी काचेसारखं सपाट, नवशिक्यांसाठी बेस्ट". अरे शाळेत भूगोलात खारे वारे मतलई वारे घोकले होते ना सगळ्यांनी? दिवसा जमीन आधी तापते म्हणून वारा समुद्रावरून येतो, तो खारा. रात्री जमीन आधी निवते, वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, तो मतलई, आणि सकाळी तोच चालू असतो. तुझं काचेसारखं पाणी ही त्याचीच करामत, किनाऱ्यालगत त्याला लाट उठवायला अंतरच मिळत नाही. म्हणजे जे बघून तुला सुरक्षित वाटतंय तीच धोक्याची खूण.

आता पुढे काय होतं बघ. वाळूवर तू सुरूच्या बनाच्या आडोशाला, वारा तुटक, काईट वर जाते पडते वर जाते पडते. जरा आत गेलास की आडोसा संपला, वारा एकदम भरतो. आणि नवशिक्याला वाऱ्याच्या विरुद्ध परत यायला येत नाही, कोणालाच येत नाही पहिले काही दिवस. मी गोव्यात मोरजीला शिकले तेव्हा पहिले चार दिवस रोज वाऱ्याच्या दिशेने अर्धा किलोमीटर वाहवत जाऊन वाळूवर लागायचे आणि बोर्ड काखेत मारून चालत परत यायचे, लाज वाटायची, पण वाळूवर लागायचे ना! कारण तिथे दुपारनंतरचा वारा वायव्येचा, किनाऱ्याला तिरका आणि आत येणारा. मतलईत वाहवत जाशील ते अरबी समुद्रात, पुढचा किनारा ओमानचा. काईटवर पसरून, तिचंच शीड करून किनारा गाठायची जी युक्ती शिकवतात ना, तीही तुला वारा जिकडे जातो तिकडेच नेते. म्हणजे अजून आत.

एवढं मान्य करते की सपाट पाणी नवशिक्याला खरंच चांगलं. पण ते खाडीत किंवा लगूनमध्ये, म्हणजे समुद्रालगतच्या उथळ, बंदिस्त पाण्यात शोधायचं. रामेश्वरमला जा, श्रीलंकेत कल्पिटियाला जा. रामेश्वरमला मे ते सप्टेंबर नैऋत्येचा आणि डिसेंबर ते मार्च ईशान्येचा वारा मिळतो, पाणीही बऱ्याच ठिकाणी कमरेएवढंच.

टिप एक, "मोठी काईट घ्या, 14-15 मीटर, कमी वाऱ्यातही उडेल". (हे मीटर म्हणजे काईटच्या कापडाचे चौरस मीटर.) वाऱ्याची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते, 12 नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा 18 झाला तर ओढ दीडपट नाही, सव्वादोनपट. तू 62 किलोचा. 80 किलोच्या माणसाने गोव्याच्या हलक्या वाऱ्यात 12 मीटर घेतली तर चूक नाही, पण 15 मीटरवर तू बोर्डावर उभा राहण्याआधीच लोळशील.

टिप दोन, जुनी सी-काईट, म्हणजे इंग्रजी C सारख्या वाकाची जुन्या पद्धतीची काईट, स्वस्तात. सेकंड हँडला माझा विरोध नाही, माझी स्वतःची दुसऱ्या हाताची आहे. पण जुन्या सी-काईटला बार, म्हणजे काईट चालवायचा हातातला दांडा, सोडला तरी ओढ फारशी कमी होत नाही, जरा चपट्या आकाराच्या बो-काईट आल्या 2005 च्या आसपास, त्यांनी ते सोपं केलं. आणि खरी गोष्ट म्हणजे क्विक रिलीज, संकटात काईटची ओढ झटकन तोडणारी कळ. 2020 मध्ये यासाठी आयएसओ 21853 हे स्टँडर्ड आलं, काईट ओढत असताना रिलीज किती जोर लावल्यावर सुटला पाहिजे हे तपासायची पद्धत त्यात आहे. वाळू अडकलेला, गंजलेला जुना रिलीज ऐन वेळी अडकला तर पंचवीस हजार काय चाटायचे?

टिप तीन, यूट्यूबवर शिका. थिअरीसाठी बघ की, मीही बघते. पण पन्नास पावलं लांब वाऱ्यात उभी असलेली काईट उतरवायला दुसरा माणूस लागतो, तो यूट्यूबमधून बाहेर येत नाही.

टिप पाच, बोर्ड दोरीने पायाला बांधा. नको. दोरी ताणली की बोर्ड उलटून डोक्यात येतो. बास.

हे सगळं लिहून पाठवल्यावर भाचा विचारतो, मावशी, काईटवाल्याला 5 हजार टोकन दिलंय, परत मिळेल का? आधी का नाही बोललास रे. आज संध्याकाळी त्याला फोन कर, आणि करताना मला कॉन्फरन्सवर घे.