६४१ नेमका कसा सापडतो

लेख आवडला, पण त्यातलं ४२९४९६७२९७ या संख्येबद्दलचं एक वाक्य खटकलं: गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये 'एकेक संख्येने भागून पाहत' तिचा ६४१ हा विभाजक शोधला. तसं सरसकट भागत बसावं लागत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. तिचा कोणताही मूळ (फक्त १ ने आणि स्वतःनेच भाग जाणारा) विभाजक ६४ च्या पटीपेक्षा १ ने जास्तच असावा लागतो. म्हणजे तपासायच्या मूळ संख्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्याच भागाकाराला काम फत्ते! गणितज्ञ फर्माने ही संख्या मूळ मानली होती, हे वाचून तर अजूनच नवल वाटतं.

भागाकार न करताही हे दिसतं. ६४१ = ६४० + १, म्हणून ६४१ ने भागताना, फक्त बाकी पाहिली तर, ६४० म्हणजे उणे १. त्याचा चौथा घात १, आणि ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा ७ वा घात असल्याने तोच ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. पण ६४१ = ६२५ + १६ सुद्धा आहे, म्हणजे ६२५ च्या जागी उणे १६, म्हणजेच उणे २ चा ४ था घात, चालतं. झालं, २ चा ३२ वा घात उणे १ ठरला, त्यात १ मिळवला की बाकी शून्य. कागदावर एकदा करून बघाच.

दुसरा अवयव ६७००४१७, तोही मूळच.