‘डोकं खाली घाल आणि घुस’ हा सल्ला देणाऱ्याने अपरकट खाल्लेला नसावा

गेले काही आठवडे एक फॉरवर्ड फिरतोय, ‘उंच बॉक्सरला हरवायचे पाच मंत्र’. संध्याकाळी मी ज्या पोरांना शिकवतो, त्यातल्या तिघांनी तो मला दाखवला. चौथ्याने न दाखवताच स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, वापरला. नाकातून रक्त आलं तेव्हा कळलं. मंत्र असे: आखूड हाताने जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) मारायचाच नाही. डोकं खाली घालून घुसायचं, टायसनसारखं. घुसता येत नसेल तर मागे-मागे जाऊन समोरच्याला दमवायचं. पोटावर मारायचं. आणि एकदा आत शिरलात की सामना तुमचा. पाचातला एक अर्धा खरा आहे, तो कुठला ते पुढे येईलच.

जॅबपासून सुरुवात करतो, कारण खरा घोटाळा तिथेच आहे. लिहिणाऱ्याला वाटतं जॅब म्हणजे नाकावरचा ठोसा. हात पुरत नाही, तर मारून काय उपयोग? अहो, बुटक्याचा जॅब नाकासाठी नसतोच. तो छातीवर जातो, पोटावर जातो, आणि सगळ्यात जास्त वेळा समोरच्याच्या पुढच्या ग्लोव्हवर जातो. तुमच्या जॅबने त्याचा डावा हात जरा दाबला गेला, की तो त्याला परत उचलून नीट करावा लागतो. तेवढ्यात तुमचं पाऊल पडून गेलेलं असतं. जॅब सोडलात तर त्याचा हात दिवसभर मोकळा.

१८ मे २०२४ ला रियाधमध्ये उसिक आणि फ्युरी हे दोन हेवीवेट बॉक्सर लढले ते आठवा. उसिक ६ फूट ३ इंच, फ्युरी ६ फूट ९. हातांचा पल्ला (दोन्ही हात पसरून टोकापासून टोकापर्यंत) ७८ इंच विरुद्ध ८५. उसिक साउथपॉ, म्हणजे त्याचा उजवा हात पुढे. तो पुढचा हात क्षणभर गप्प नव्हता: फ्युरीच्या ग्लोव्हला टपली, मग हूल, मग पोटावर. मधल्या काही राउंडमध्ये फ्युरी वरचढ होता, हेही खरं. पण नवव्या राउंडमध्ये फ्युरी दोरांवर असा आदळत गेला की रेफरीने, खाली पडलेल्यावर मोजतात तसा, त्याच्यावर काउंट सुरू केला. उसिक जिंकला, पण निकाल विभागून लागला, एका जजने फ्युरीला दिला होता. डिसेंबरमध्ये परत लढले तेव्हा तिन्ही जजचे आकडे सारखे, ११६-११२ उसिक. आता सांगा, जॅब न मारता सात इंच कसे भरून निघाले असते?

जाता जाता एक. उंची आणि पल्ला एकच नव्हे. जुना हेवीवेट चॅम्पियन सनी लिस्टन जेमतेम ६ फूट १ इंच, पण पल्ला ८४ इंच.

आता टायसन. हा दाखला वाचून मला हसावं की रडावं कळेना. त्याचा गुरू कस डी’अमाटो, त्याने त्या पोराला डोकं खाली घालायला नाही, डोकं रेषेबाहेर काढायला शिकवलं होतं. लोंबकळणाऱ्या पिशवीच्या या बाजूने, त्या बाजूने, गुडघ्यांत वाकून, नजर समोर ठेवून. कंबरेत वाकलात की तुम्हाला फक्त त्याचे बूट दिसतात, आणि अपरकट, म्हणजे खालून हनुवटीवर येणारा ठोसा, बुटांमधून येत नाही. शिवाय हौशी बॉक्सिंगमध्ये डोकं पट्ट्याखाली नेलं की रेफरी थांबवून वॉर्निंग देतो. मी स्वतः ५ फूट ५ इंच. एका जिल्हा स्पर्धेत नेमका हाच मंत्र वापरला होता. पहिल्या राउंडमध्ये वॉर्निंग, दुसऱ्यात अपरकट, तिसरा मला नीटसा आठवत नाही.

टायसनचंच उदाहरण हवं असेल तर ११ फेब्रुवारी १९९० चं टोकियो बघा. समोर बस्टर डग्लस, ६ फूट साडेतीन इंच, पल्ला ८३. टायसन ५ फूट १०, पल्ला ७१. त्या दिवशी टायसनचं डोकं हलत नव्हतं. सरळ रेषेत यायचा, जॅब खायचा, परत यायचा. डावा डोळा सुजून बंद झाला. सूज दाबायची साधी धातूची पट्टीसुद्धा कोपऱ्यातल्या लोकांनी आणली नव्हती; रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून डोळ्यावर धरत होते. दहाव्या राउंडमध्ये डग्लसने आधी जॅब टाकून अंतर मोजलं, मग अपरकट, आणि पाठोपाठ चार ठोसे. टायसन आडवा, सामना संपला. मंत्र लिहिणाऱ्याने हा राउंड बघायला हवा होता.

मग आत जायचं कसं? उंच माणसाचा जॅब सगळ्यात जोरात लागतो तो त्याचा हात पुरा उघडतो तिथे. त्या जागेत रेंगाळायचं नाही. एक तर त्याच्या बाहेर उभं राहायचं, नाहीतर इतकं आत, की त्याची कोपरं दुमडलेलीच राहतील. मधली पट्टी ओलांडायची वेळ एकच, त्याचा हात परत जाताना. आमच्याकडे मी खांद्याच्या उंचीवर एक सुतळी आडवी बांधतो. एक पोरगा जॅब टाकतो. दुसऱ्याने तो उजव्या तळव्यावर झेलायचा, हनुवटीजवळ, हात पुढे न नेता. ग्लोव्हवर ‘थप्’ वाजलं रे वाजलं की डावं पाऊल पुढे, गुडघे वाकवून सुतळीखालून पलीकडे. हात मागे जातो, त्याच्या पाठोपाठ तुम्ही. पहिल्या आठवड्यात सगळी पोरं आवाज झाल्यावर अर्धा सेकंद विचार करतात, आणि दुसरा जॅब खातात.

‘मागे-मागे जा, तो दमेल’ याला फार शब्द खर्च करायची गरज नाही. जॅब हा सगळ्यात कमी दमवणारा ठोसा आहे. तुम्ही सरळ मागे गेलात की त्याला हवं ते अंतर फुकट मिळतं, आणि पाठीमागे दोर असतातच. हौशी सामना तीन मिनिटांचे तीन राउंड. त्यात दमायला वेळ कुठे? मेरी कोम ५ फूट २ इंच, तिचा नेहमीचा गट ४८ किलोचा. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो गटच नव्हता, म्हणून ती ५१ किलोत उतरली. तेव्हा बायकांचे राउंड दोन मिनिटांचे, चार. पोलंडच्या उंच मिखालचुकला तिने १९-१४ असं हरवलं. उपांत्य फेरीत निकोला अॅडम्सने तिला ११-६ असं रोखलं. दमण्याची वाट बघत बसली असती तर कांस्यही हाती लागलं नसतं.

पोटावर मारायचं, हा तो अर्धा खरा मंत्र. डोकं हलतं, धड तेवढं हलत नाही, म्हणून नेम बसतो. पण लांबून वाकून पोटावर मारलेला ठोसा म्हणजे समोरच्याला दिलेलं आमंत्रण. आधी वर काहीतरी दाखवा, त्याचा गार्ड, म्हणजे बचावाचे हात, उचलू द्या, मग गुडघ्यांतून खाली. उंच माणसाने पोटावर दोनदा खाल्लं की तो कोपरं आत ओढतो, आणि त्याचा जॅब आखूड होतो. खरा फायदा हा. पोट फुटून तो खाली बसेल, ही सिनेमातली गोष्ट.

राहिला शेवटचा, ‘आत शिरलात की सामना तुमचा’. ७ मार्च १९८७ ला टायसन ‘बोनक्रशर’ स्मिथच्या, ६ फूट ४ इंचाच्या माणसाच्या, आत शिरला की. एकदा नव्हे, शंभरदा. स्मिथ दर वेळी त्याला मिठी मारून उभा राहायचा. बाराच्या बारा राउंड तेच. गुणांवर टायसन आरामात जिंकला, पण तेव्हाच्या टायसनलाही तो पाडता आला नाही. तुम्ही-आम्ही टायसन नाही, आणि आपल्या तीन राउंडमध्ये दोन मिठ्यांत एक राउंड वाहून जातो.

म्हणून आत गेल्यावर डोकं त्याच्या हनुवटीखाली, छातीला टेकवून, आणि तुमचे दोन्ही हात त्याच्या हातांच्या आतल्या बाजूला. बाहेरून हात घातलेत तर तो ते काखेत दाबून टाकतो आणि अंगावर रेलतो. आठ-दहा सेकंदांत तुमच्या मांड्या पेटतात. दोन-तीन ठोसे, आणि बाहेर. पण आल्या वाटेने नाही. आमचा तो नाक फुटलेला पोरगा परवा सुंदर आत गेला, फासळ्यांवर दोन मस्त हुक मारले, आणि खूश होऊन सरळ मागे सरकला. समोरचा वाटच बघत होता. आता सुतळीच्या पलीकडे खडूने एक तिरपी रेघ मारलीये, बाहेर पडताना पाय तिच्यावर पडला पाहिजे. अजून दहातले चार पडतात.