बायकांचा टूरिंग बूट म्हणजे मऊ, हलका आणि एक नंबर मोठा?

हिवाळा तोंडावर आला की स्कीइंगवाल्या मराठी ग्रुपांवर एक सल्ला हमखास फिरायला लागतो. मंडळी म्युनिक-झुरिकला राहणारी असोत की गुलमर्गची तिकिटं काढून बसलेली पुणेकर, सल्ला तोच. त्याचं सार असं: बायकांनी स्की टूरिंगला (म्हणजे स्की लावूनच डोंगर चढायचा आणि मग उतरायचा) लेडीज मॉडेलचा बूटच घ्यावा, एक नंबर मोठा घ्यावा, म्हणजे दोन जोड मोजे मावतात आणि पाय गार पडत नाहीत, फ्लेक्स, म्हणजे बुटाचा कडकपणा, कमी असावा, आणि जितका हलका तितका चांगला. बाकी काही टोचलंच तर लाइनर, म्हणजे बुटाच्या आतला मऊ भाग, तापवून बसवून देतात. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असेल, पण यातला बराच भाग चुकीचा आहे आणि उरलेला अर्धवट.

आधी नंबराचं बघू, कारण खरं नुकसान तिथेच होतं. स्की बूटचा नंबर म्हणजे पायाची सेंटिमीटरमधली लांबी, ज्याला मोंडोपॉइंट म्हणतात. टाच भिंतीला टेकवून, अंगाचा भार पायावर घेऊन मोजायचं आणि दोन्हींतला लांब पाय धरायचा. 24.3 भरला तर 24.5 नंबर. रोजच्या स्पोर्ट्स शूजच्या नंबरावरून तक्त्यात बघितलं की आकडा बहुधा मोठाच येतो, कारण ते शूज आपण मुळातच ऐसपैस घेतो. त्यावर आणखी एक नंबर चढवला की पाय बुटात पोहायला लागतो. बहुतेक कंपन्यांत 24 आणि 24.5 ला बाहेरचा प्लास्टिकचा शेल एकच असतो, फरक आतल्या लाइनरचा किंवा इनसोलचा. 25.5 घेतला की मात्र शेलच बदलतो, आणि तो लांबीला वाढतो तसा रुंदीलाही वाढतो.

दुकानात लाइनर बाहेर काढा आणि पातळ मोजा घालून नुसत्या शेलमध्ये पाय घाला. बोटं पुढे हलकी टेकवा आणि टाचेमागे किती जागा राहते ते बघा. टूरिंगला दीड सेंटिमीटरच्या आसपास, फार तर दोन. त्याहून जास्त असेल तर तो बूट परत ठेवा, सेल्समन काहीही म्हणो. मग लाइनर घालून बकलं लावा. ताठ उभं राहिलात की अंगठा पुढे टेकेल आणि 'लहान होतोय' असंच वाटेल. आता गुडघे पुढे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबा. टाच मागे सरकते, अंगठा सुटतो. हे न करताच मोठा नंबर मागणाऱ्या बायका मी बऱ्याच पाहिल्या आहेत.

सल्ल्यात तथ्याचा एक कण आहे, तो नाकारत नाही. टूरिंगमध्ये तासन्‌तास चढ चालायचा असतो, म्हणून लिफ्टने वर जाऊन खाली येण्याच्या बुटापेक्षा बोटांना थोडी जास्त जागा हवी. पण ती काही मिलिमीटरची गोष्ट आहे, अख्ख्या नंबराची नाही. टाच सैल असली की चढावर प्रत्येक पावलागणिक ती वर-खाली घासते. पहिल्या तासाभरात फोड येतो आणि पुढची सगळी चढण त्याच फोडावर.

गार पायांचं तर उलटंच आहे. बूट सैल असला की उतरताना ताबा राहावा म्हणून आपण पायाच्या पाठीवरचं बकल करकचून आवळतो. बोटांकडे रक्त नेणारी धमनी तिथूनच जाते. ती दाबली गेली की दोन काय, चार मोजे घातले तरी बोटं बधिर होणार. दोन मोजे एकमेकांवर सरकतात आणि त्यांच्या वळ्या टोचतात, ते वेगळंच. एकच पातळ लोकरी मोजा पुरतो. चढताना बकलं सैल सोडायची.

'तापवून बसवून देतात' हे खरं आहे, पण एकाच दिशेने. लाइनरचा फोम तापवून पायाच्या आकाराचा करता येतो आणि शेल एखाद्या ठिकाणी टोचत असेल तर बूट फिटर तिथे तो फुगवून देतो. मोठा शेल लहान करायची सोय मात्र कुणाकडेच नाही. शिवाय लाइनर वापरून दबतो, म्हणजे बूट पुढे आणखी सैलच होत जाणार.

लेडीज मॉडेलचा फरक खोटा नाही. बायकांच्या पोटरीचा स्नायू साधारण खालपर्यंत येतो, म्हणून कफ, म्हणजे बुटाचा नडगीभोवतीचा वरचा भाग, ठेंगणा आणि वर थोडा पसरट ठेवतात. टाचही बहुधा अरुंद धरलेली असते. पण म्हणून 'लेडीजच' हा हट्ट कशाला? स्कार्पा कंपनीचा माएस्त्राले आणि त्याची बायकांसाठीची आवृत्ती जेआ, ही सख्खी भावंडंच आहेत. 23 च्या पायाला पुरुषांच्या मॉडेलांत सहसा नंबरच मिळत नाही, तेव्हा प्रश्नच मिटला. पण पाय 27 चा आणि पोटरी सडपातळ असेल तर पुरुषांचा बूट खुशाल घालून बघा.

फ्लेक्स म्हणजे कफ पुढे वाकायला किती जोर लागतो त्याचा आकडा. तो सगळ्या कंपन्यांना सारखा असा नाहीच. एकीचा 100 दुसरीच्या 120 एवढा कडक लागू शकतो. बूट किती कडक हवा हे वजन, उंची, पाठीवरची सॅक आणि स्कीइंगचा अनुभव यांवर ठरतं. सत्तर किलोच्या बाईने, पाठीवर दहा किलो घेऊन, मार्चमधल्या कडक बर्फावर उतरताना 80 चा मऊ बूट घातला तर कफ पुढे कोसळतो आणि सगळा भार मांड्यांवर येतो. नवखीला फार कडक बूट देऊ नये, हे मान्य. पण ते नवखी म्हणून, बाई म्हणून नव्हे. आणि दुकानातल्या उबेत प्लास्टिक जेवढं वाकतं तेवढं ते उणे दहात वाकत नाही, हेही धरून चाला.

वजनाबद्दल फार लिहीत नाही. शर्यतीचे बूट पायाला किलोच्या बरेच खाली असतात, नेहमीचे टूरिंगचे साधारण सव्वा ते दीड किलो. रुंद, जड स्कीला अगदी हलका बूट लावला तर वळताना स्कीच तुम्हाला फिरवते.

त्या सल्ल्यात बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणाऱ्या भागाचा, उल्लेखच नाही. बूट पिनांनी धरणाऱ्या पिन बाइंडिंगसाठी बुटाच्या पुढे-मागे धातूच्या खाचा लागतात. शर्यतीच्या काही बुटांना पुढची कडाच नसते, मग ते फ्रेम बाइंडिंगमध्ये, म्हणजे बुटाच्या कडा पकडणाऱ्या चौकटीच्या बाइंडिंगमध्ये, बसत नाहीत आणि पुढे तारेचं कडं असलेले क्रॅम्पॉनही (कडक बर्फासाठी बुटाखाली लावायचे धातूचे दाते) त्यांना लागत नाहीत. बूट बदलला की शेलवर कोरलेली तळाची लांबी, मिलिमीटरमधली, जुन्या बुटाशी ताडून बघा. नंबर तोच असला तरी ती वेगळी असू शकते. वेगळी निघाली तर बाइंडिंग दुकानातून नव्याने लावून घ्या, पडल्यावर बूट स्कीतून सुटण्याच्या सेटिंगसकट.