वास्तव फक्त माझ्याच पात्राला का?

"प्रत्यक्षात असं होत नाही रे." हे वाक्य यापुढे टेबलावर कुणी उच्चारलं तर त्याच्या चहात मी वीस बाजूंचा फासा टाकणार आहे. आणि तो चहा त्याला प्यायला लावणार आहे.

आम्ही फोंड्यात रविवारी दुपारी जेवणं उरकून डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे एकेक पात्र घेऊन फासे टाकत गोष्ट पुढे नेतो. पाचवी आवृत्ती, 2014 ची. कथा घडते गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, दीपाजी राण्यांनी पोर्तुगिजांविरुद्ध बंड करून 1852 साली नाणूसचा किल्ला घेतला त्या दिवसांत. फरक इतकाच की आमच्या सत्तरीत देवचार, म्हणजे गावचा अदृश्य राखणदार, खरोखर भेटतो आणि जादूही खरी चालते. ही कल्पना आमच्या डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरची, आणि ती झकास आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण यापुढे त्याच्याबद्दल माझ्या तोंडून चांगलं काही निघणार नाही.

माझं पात्र पाडेली आहे. माडावर चढून नारळ पाडणारा साधा माणूस, बंडात ओढला गेलेला. क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, फायटर. पात्र बनवायला 27 गुण मिळतात आणि ते सहा क्षमतांमध्ये वाटायचे असतात. स्ट्रेंग्थ 15 ठेवली की त्यातले नऊ तिथेच संपतात. तरी मी इंटेलिजन्स 12 साठी चार गुण काढून ठेवले आणि त्यापायी करिश्मा आठवर सोडला. बॅकग्राउंड, म्हणजे पात्राचं पूर्वायुष्य, स्वतः रचलं तर कुठलीही दोन कौशल्यं घेता येतात, असं नियमच सांगतो. मी घेतली अॅथलेटिक्स आणि इन्व्हेस्टिगेशन.

झालं! "पाडेल्याला इन्व्हेस्टिगेशन कसं येईल? तो शिकलेला कुठे आहे?"

अरे बाबा, तू जन्मात कधी माडावर चढलायस? तुझ्या घरचे नारळ कोण पाडतं? माडाच्या शेंड्यावरून अख्ख्या वाड्याची परसं दिसतात. कुणाच्या मागच्या दारी कोण येतं, कुठल्या बांधावर रात्री माती उकरली गेली, कुणाच्या माडाचे नारळ कोण आधीच उतरवून गेलं, हे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, आधी पाडेल्याला कळतं. पण आमच्या डीएमचं 'वास्तव' म्हणजे त्याने गॅलरीत उभं राहून जेवढं पाहिलं तेवढंच. आणि त्याच टेबलावर शेजारी बसलेल्याचा मांत्रिक 'देवचाराकडून विद्या शिकलो' एवढ्या एका ओळीवर पास झाला. त्याला कुणी विचारलं नाही की बाबा, देवचाराची शाळा कुठल्या तालुक्यात भरते?

हे मी गिळलं. पुढचं मात्र घशात अडकलं.

पाचव्या लेव्हलला माझा पाडेली साठ फुटी माडावरून पडला. नियम सरळ आहे: दर दहा फुटांना सहा बाजूंचा एक फासा. म्हणजे सहा फासे, आणि सगळ्यांवर सहा आला तरी नुकसान 36. माझे हिट पॉइंट 44, आणि ते शून्यावर आले तरच पात्र कोसळतं. उठलो, लंगोटी झटकली, म्हटलं चला. तर डीएम म्हणतो, "साठ फुटांवरून पडून माणूस चालत जाईल का? पाय मोडला. वेग निम्मा." बरं, क्युअर वूंड्स हा जखमा भरणारा मंत्र टाका. "त्याने हिट पॉइंट येतील, हाड कसं जुळेल?" हाड! या खेळात हाड नावाची वस्तूच नाही! पात्राचं संपूर्ण शीट शोधून काढा, हाडाचा रकाना दाखवा, मी पुढचे सगळे भजी-पाव माझ्या पैशाने आणतो.

हिट पॉइंट म्हणजे फक्त मांस आणि रक्त नव्हे, हा वादही काही नवा नाही. या खेळाच्या जनकांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, याने 1979 च्या डंजन मास्टर्स गाइडमध्येच सांगून टाकलं होतं की त्यात कसब, नशीब, दैवी कृपा असं सगळं धरलंय. पडताना झावळीला हात लागला, खाली पेंढ्याचा ढीग होता, ग्रामदेवतेने सांभाळलं. काय हवं ते सांगा. वर्णन करणं हे डीएमचंच काम. पण वर्णन सुचत नाही म्हणून माझा पाय मोडायचा?

त्याच सत्रात शत्रूने आमच्यावर फायरबॉल टाकला. वीस फूट त्रिज्येचा आगीचा गोळा, आठ फाशांचं नुकसान. आम्ही सगळे त्यात उभे. आणि नियमात स्वच्छ लिहिलंय की अंगावर घातलेल्या किंवा हातात धरलेल्या वस्तू पेटत नाहीत. मांत्रिकाचा सुती झगा जसाच्या तसा. त्याच्या कागदी पोथ्यांना साधा धूरही नाही. तेव्हा का नाही कुणाला प्रत्यक्ष आठवलं? त्या मंत्राला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागतं म्हणे, पण हातात जादूची काठी असली की तेही माफ. आणि मला भर जूनमध्ये विचारणार, "साखळी चिलखत घालून एवढ्या दमट हवेत किती वेळ चालशील?"

पण सगळ्यात हताश केलं ते बंदुकीने. आमच्या टेबलावरच्या ताईने राण्यांच्या तुकडीतला बंदूकवाला बनवला. मस्त पात्र. पुस्तकातल्या नियमाप्रमाणे ठासणीच्या बंदुकीला एका अॅक्शनमध्ये, म्हणजे एका खेळीत, एकच बार काढता येतो, बस्स. डीएमने जाहीर केलं की दारू भरा, गोळी टाका, गज मारा, यात अर्धा मिनिट जातो. एक फेरी सहा सेकंदांची. म्हणजे एकदा बार काढला की पुढच्या चार फेऱ्या ताईने बसून राहायचं. हिशेब अगदी बरोबर आहे, त्यात मला शंका नाही. पण ताईने अख्ख्या लढाईत दोनदा फासा टाकला आणि उरलेला वेळ मोबाइलवर काढला.

आणि एवढं थांबून तिची गोळी लागली तर किती? बारा बाजूंचा एक फासा, सरासरी साडेसहा! अरे, खऱ्या बंदुकीला भरायला अर्धा मिनिट लागत होता हे जर खरं, तर तिची गोळी छातीत बसली की माणूस आडवा व्हायचा हेही तितकंच खरं आहे ना? ते नाही घेतलं. ते कसं घेणार? मग त्याचा लाडका पोर्तुगीज कप्तान पहिल्याच बाराला गेला असता. वास्तवाचं एक टोक घ्यायचं आणि दुसरं आपल्या सोयीने खेळात सोडायचं, याला सिम्युलेशन, म्हणजे वास्तवाची हुबेहूब नक्कल, म्हणत नाहीत. ही आमच्या पात्रांची लूट आहे. आम्ही गुण मोजताना जे नियम समोर होते त्यांच्यावर भरवसा ठेवून मोजले. स्ट्रेंग्थला नऊ दिले ते कशासाठी, बंदूक घेतली ती कशासाठी, याचा अर्थच मधल्या रविवारी बदलून टाकला.

मला सिम्युलेशनचं वावडं नाही. खरंच हवं असेल तर 1986 पासून गर्प्स नावाचा असाच दुसरा खेळ आहे. एक फेरी एका सेकंदाची, सामान्य माणसाला दहा हिट पॉइंट, गोळी लागली की शुद्धीवर राहायलासुद्धा फासा टाकावा लागतो. तिथे बंदूक भरायला वेळ लागतो आणि तिची भीतीही वाटते. 1978 च्या रूनक्वेस्टमध्ये घाव हातावर की पायावर हे फासा ठरवतो, तिथे खुशाल मोडा माझा पाय. 1977 च्या ट्रॅव्हलरमध्ये तर पात्र बनवता बनवताच मरू शकतं. तेही मी हसत खेळेन, कारण ते आधी ठाऊक असतं आणि सगळ्यांना सारखं असतं. हे सुचवलं तर डीएमचं उत्तर काय? "गर्प्स फार किचकट आहे रे, कोण वाचणार?"

म्हणजे वाचायचं नाही, पण मनात येईल ते आयत्या वेळी लावायचं. वर मलाच ऐकवायचं की तू फार नियमवाला झालास, जरा पात्रात शिर. कसा शिरू? माझं पात्र दोन महिने एका पायावर लंगडतंय.

तेव्हा येत्या रविवारी बसण्याआधी मला एक कागद हवाय. काय पेटतं, काय मोडतं, काय भरायला किती वेळ लागतो, सगळं त्यावर लिहून, आणि सगळ्यांना लागू. मग पात्रं पुन्हा बनवू, 27 गुण परत हातात घेऊ. हाडं मोडायची असतील तर मोडूया. पण त्या कागदावर पहिली ओळ मांत्रिकाच्या झग्याची असली पाहिजे.