पटाशी बोथट झाली, रेंगीची धाव निसटली : कारखान्याकडून उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा दोन स्टारचा अभिप्राय वाचला, फोटोही मोठे करून पाहिले. लाकूड तासायची पटाशी ‘ट्रकच्या भंगाराची’ निघाली अन् महिन्यात बोथट झाली; तान्ह्या पोळ्याला मुलासाठी नेलेल्या लाकडी रेंगीची (छोट्या बैलगाडीची) धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, एप्रिलमध्ये निसटली; आणि फोन केला तर उलट उत्तर मिळालं, असं तुम्ही लिहिलंय.

रेंगीबद्दल आधी बोलतो, कारण तिथं चूक माझीच आहे. मोठ्या बंडीसारखीच, म्हणजे बैलगाडीसारखीच, या सहा इंची चाकालाही मी लोखंडी धाव तापवून चढवतो अन् वरून पाणी ओततो. लोखंड आकसतं, चाक आवळलं जातं. पण ते चाक श्रावणात केलेलं. पोळ्याची घाई होती आणि बाभळीचं लाकूड पुरतं वाळलेलं नव्हतं, वर हवेतला ओलावा. आपल्या चंद्रपूरकडच्या उन्हात ते सुकून बारीक झालं, धाव मात्र होती तेवढीच राहिली. बंडीची चाकं अशी खुळखुळायला लागली की लोक नाल्याच्या डोहात टाकून ठेवतात, लाकूड फुगून परत घट्ट होतं. तुम्ही तसं करू नका, रंग जाईल. यंदापासून चाकाचं लाकूड मे महिनाभर टिनाखाली तापवतो अन् मगच धाव चढवतो. म्हणजे पावसाळ्यात ती सैल न होता आणखी आवळेल.

पटाशीचं मात्र थोडं ऐकून घ्या. ती ट्रकच्या कमानपाट्याचीच (चाकांवरचा भार झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्टीची) आहे, विकताना मी तसंच सांगतो. त्या पोलादात हजारात पाच-सहा भाग कार्बन असतो, म्हणून त्याला पाणी देता येतं, म्हणजे तापवून बुडवलं की ते कडक होतं. दुकानातल्या साध्या सळईला कितीही लाल करून बुडवा, ती मऊच राहते. पाटा तापवताना मी चुंबक लावून बघतो. 770 अंश सेल्सिअसच्या आसपास चुंबक धरायचं सोडतं. त्याच्या थोडं वर नेऊन तेलात बुडवतो. मग कानस मारून पाहायची. कानस काचेवरून जावी तशी घसरली की पाणी बसलं. पण एवढी कडक धार ठोक्याला तुटते, म्हणून घासून चकचकीत करायची आणि हळू तापवत गवती पिवळा रंग आला की थांबायचं. तो रंग साधारण 230 अंशांचा.

आता तुमचा दुसरा फोटो बघा. धारेला बोटाच्या पेराएवढा निळा पट्टा आहे. निळा रंग 300 च्या जवळ येतो, आणि माझ्या भट्टीतून निघताना तो नव्हता. कोणीतरी ग्राइंडरवर दाबून धरलीय. तिथलं पाणी उतरलं, मग धार कितीही लावा, टिकणार नाही. (आमच्याकडचे जुने वाढई, म्हणजे सुतार, पटाशी ग्राइंडरला लावू द्यायचेच नाहीत. लहानपणी मला तो हेकटपणा वाटायचा.) तरी पटाशीसोबत ‘फक्त दगडावर, पाणी घालत’ एवढी चिठ्ठी बांधायला काय जात होतं? ती मी बांधली नाही. आता बांधतो.

फोन आईनं उचलला होता. भाता चालू असला की मी घेत नाही. तुम्ही पैसे परत मागितले अन् ती चिडली, हे बरं झालं नाही. मी तिला तसं म्हणालो, तर मलाच दोन गोष्टी ऐकाव्या लागल्या. त्या इथं लिहीत नाही. तुमची मात्र माफी मागतो.

पटाशी अन् रेंगीची चाकं पोस्टानं पाठवा, जाण्यायेण्याचा खर्च माझा. पटाशीचा निळा भाग काढून नव्यानं पाणी देतो. लांबी अर्धा इंच कमी होईल, ते चालत नसेल तर आधी कळवा. चाकं दोन्ही पाठवा. एकाचीच धाव नवी चढवली तर दोन्ही चाकं सारखी राहत नाहीत, रेंगी एका अंगाला कलते. निसटलेली धावही सोबत टाका, तीच कापून परत सांधतो.